वर्गमूळ विसरू नकोस

काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला. ‘ताई, झेड टेस्टची सगळी गणितं सुटतात, पण मी नेमकं काय करतेय तेच कळत नाही. परवा पेपर आहे.’ आणि पुढे तो रडका चेहरा. मी सेकंड शिफ्ट संपवून नुकतीच घरी टेकले होते, म्हणून ‘झोप आता’ एवढंच लिहिलं. आज सुट्टी आहे, चहा घेऊन बसलेय. तूही घे आणि वही मिटून ठेव. सूत्र तुला येतंच, त्याची काळजी आज नको.

आधी एक कबुली देते. आईबाबांनाही कधी सांगितलेलं नाही. एस.वाय.ला असताना झेड टेस्टचं आठ मार्कांचं गणित मी पानभर सुंदर लिहिलं होतं. उत्तर चौकटीत, खाली पट्टीनं दोन रेघा. पेपर हातात आला तेव्हा त्या चौकटीशेजारी लाल शाईत तीनच शब्द होते : ‘वर्गमूळ कुठे आहे?’ मी नुसत्या सिग्मानं भागून मोकळी झाले होते. घाईत राहिलं, असं मी मैत्रिणींना सांगितलं. ते खोटं होतं. ते वर्गमूळ तिथे कशासाठी असतं हेच मला ठाऊक नव्हतं, आणि ज्याचं कारण ठाऊक नसतं ते परीक्षेत सगळ्यात आधी विसरतं.

पुढे डेअरीच्या गुणवत्ता विभागात नोकरी लागली. ते कारण मला तिथं दुधाच्या पिशव्यांनी शिकवलं. तेच आज तुला सांगते.

अर्ध्या लिटरची पिशवी डोळ्यांसमोर आण. मशीन ५०० एमएलवर लावलेलं असतं, पण जगातलं कुठलंही मशीन प्रत्येक पिशवीत अगदी ५००च भरत नाही. एकीत ५०३, दुसरीत ४९७, तिसरीत ५०१. (खरं तर पिशवी वजनावर तपासतात. दूध पाण्यापेक्षा किंचित जड असतं, ५०० एमएल दूध साधारण ५१५ ग्रॅम भरतं. पण तुझ्यासाठी एमएलच ठेवू.) या फरकात कुणाची लबाडी नसते. दाब, फेस, तापमान, व्हॉल्व्ह उघडझाप होण्याचा क्षण, सगळ्यांचा त्यात थोडाथोडा हात असतो. मी त्याला मशीनचा हेलकावा म्हणते. पुस्तक त्याला प्रमाण विचलन म्हणतं आणि सिग्मा या अक्षरानं दाखवतं. समज, एका मशीनचा हेलकावा ४ एमएल आहे, आणि तो महिनोन्महिन्यांच्या नोंदींवरून पक्का ठाऊक आहे. हे ‘पक्का ठाऊक’ मनात ठेव. पुढे सगळं भांडण त्यावरूनच आहे.

एका सकाळी मी त्या मशीनच्या १६ पिशव्या उचलल्या. सरासरी निघाली ४९८. दोन एमएल कमी. मशीन घसरलं का?

ऑपरेटर काय म्हणेल ते ऐक. ‘मॅडम, दोन एमएलनं काय होतंय? एकेक पिशवी चार-चार एमएल इकडेतिकडे होतेच की!’

बोलणं पटतंय ना? मलाही पटलं असतं. माझ्या आठ मार्कांच्या गणितात मी नेमकं हेच केलं होतं. तो ज्या हेलकाव्याबद्दल बोलतोय तो एका पिशवीचा. आणि माझ्या हातात आहे १६ पिशव्यांची सरासरी.

मोठ्या मामाच्या लग्नातला तो आचारी आठवतो? एखाद्या पाहुण्याला किती जिलब्या लागतील, हे त्याला ब्रह्मदेव आला तरी सांगता येणार नाही. कुणी दोनवर हात आखडतं, कुणी पैजेवर वीस उडवतं. पण पाचशे पानांना किती किलो जिलबी लागेल, ते तो कढईवरून नजर न उचलता सांगतो आणि फारसा चुकत नाही. माणूस बेभरवशाचा असतो, पंगत नसते. दोन खाणारा आणि वीस खाणारा एकमेकांचा हिशेब भरून काढतात.

पिशव्यांचंही तसंच. एकीची तूट दुसरीच्या वाढीतून भरून निघते, म्हणून सरासरी फार कमी हलते. किती कमी? १६ पिशव्या म्हणून १६ पटीनं कमी, असं नाही. सगळ्याच तुटी भरून निघत नाहीत, कधी कधी पाच-सहा पिशव्या एकाच बाजूला पडतात. हिशेब असा की हेलकावा पिशव्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या पटीत कमी होतो. १६चं वर्गमूळ ४. मग ४ भागिले ४, म्हणजे १ एमएल. हा सरासरीचा हेलकावा. पुस्तकातलं त्याचं नाव प्रमाण त्रुटी, पण त्रुटी या शब्दानं घाबरू नकोस. त्यात कुणाचं काही चुकलेलं नसतं.

आता सूत्राकडे बघ. वर काय आहे? नमुन्याची सरासरी वजा दावा, ४९८ वजा ५००, उणे २. खाली काय आहे? सरासरीचा हेलकावा, १. भागाकार उणे २. याचा अर्थ, आपण दाव्यापासून दोन हेलकाव्यांइतके लांब जाऊन पडलोय. झेड म्हणजे एवढंच गं. अंतर मोजायचं, पण एमएलमध्ये, रुपयांत किंवा मार्कांत मोजायचं नाही, हेलकाव्यांत मोजायचं. म्हणून तर झेडचं एकच टेबल दुधालाही चालतं आणि बुद्ध्यंकालाही.

आता तीच २ एमएलची तूट वेगवेगळ्या नमुन्यांवर लावून बघ. एकच पिशवी मोजली तर झेड उणे ०.५. चार मोजल्या तर उणे १. सोळा मोजल्या तर उणे २. चौसष्ट मोजल्या तर उणे ४. तूट तसूभरही बदलली नाही, पण एका पिशवीवर जी गोष्ट किरकोळ होती ती चौसष्ट पिशव्यांवर गंभीर झाली. पिशव्या चौपट करशील तेव्हा कुठे हेलकावा निम्मा होईल. अचूकपणा असा महाग असतो.

हे वर्गमूळ विसरणारी मी पहिली नव्हे, याचं मला मागाहून फार समाधान वाटलं. लंडनला शाही टांकसाळीच्या नाण्यांची तेराव्या शतकापासून परीक्षा घेतात. तयार नाण्यांतली काही बाजूला काढून एका पेटीत साठवायची आणि ठरल्या दिवशी एकत्र तोलायची. एका नाण्याच्या वजनात थोडीफार सूट दिलेली असायची. आता शंभर नाणी एकत्र तोलायची तर सूट किती द्यावी? त्यांनी सरळ शंभर पट दिली. द्यायला हवी होती दहा पट, कारण शंभरचं वर्गमूळ दहा. म्हणजे टांकसाळीनं प्रत्येक नाणं जरा हलकं पाडलं असतं तरी ते या परीक्षेत बिनबोभाट पास झालं असतं. शतकानुशतकं हीच रीत चालली. काही वर्षं त्या टांकसाळीचा प्रमुख खुद्द न्यूटन होता, आणि त्याच्याच ओळखीतला गणिती द मॉयव्हर त्याच शहरात बसून या वर्गमुळाचं गणित मांडत होता. त्याचा तो लेख १७३३चा. तेव्हा आठ मार्क गेल्याचं दुःख किती करायचं, ते तूच ठरव.

याच्या उलट बाजूचा घोळही असतो, आणि त्यात आपल्या मातीतल्या माणसाचं नाव येतं. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग सुखात्मे हे मोठे संख्याशास्त्रज्ञ. रोमला जागतिक अन्न व कृषी संघटनेचा सांख्यिकी विभाग त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळला आणि मग पुण्याला आले. भुकेल्यांची मोजदाद करताना सरासरी माणसाला जेवढे उष्मांक लागतात त्याच्या खाली जो जो खातो तो कुपोषित, असं धरायची पद्धत होती. सुखात्मे म्हणाले, अहो, माणसामाणसाची गरज वेगळी असते, एकाच माणसाचीही दिवसागणिक बदलते. सरासरीची रेघ एकेका माणसाला कशी लावता? सरासरीच्या खाली दोन प्रमाण विचलनं उतरा, रेघ तिथं मारा. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांना हे मान्य नव्हतं, आणि त्या दोघांचा वाद पुष्कळ गाजला. कोण बरोबर, हा आजचा विषय नव्हे. पण एकाचा हेलकावा आणि सरासरीचा हेलकावा यांत गल्लत झाली की किती माणसं भुकेली हा आकडासुद्धा बदलतो, एवढं लक्षात ठेव. म्हणून सरांनी दिलेल्या गणितात ‘सिग्मा ४’ दिसला की आधी विचारायचं : हा कुणाचा हेलकावा, पिशवीचा की सरासरीचा?

आता तुझी दुसरी अडचण, ती ‘नल हायपोथेसिस’. नावच असं आहे की अंगावर काटा येतो. मराठी पुस्तकात तिला शून्य परिकल्पना म्हणतात, त्यानंही फारसं बरं वाटत नाही. तू मंडईतला जुना तराजू आठव. भाजी टाकण्याआधी भाजीवाली धडा करून घेते. दोन्ही पारडी समान आहेत ना, बघते. तसा समान तराजू गृहीत धरल्याशिवाय वजन बोलताच येत नाही. शून्य परिकल्पना म्हणजे हा धडा. ‘मशीन ५००वरच आहे, घसरलेलं नाही’ असं आपण आधी मानून चालतो. त्यावर आपली श्रद्धा असते म्हणून नव्हे. तसं मानलं की मग सोळा पिशव्यांची सरासरी कुठवर भटकू शकते, हे मोजता येतं, म्हणून.

मग विचारायचं, मशीन खरंच ५००वर असतं तर २ एमएल किंवा त्याहून जास्त लांब, वर किंवा खाली, जाणारी सरासरी किती वेळा दिसली असती? झेड २ला टेबल सांगतं, साधारण ४.५ टक्के वेळा. ही तुझी पी-व्हॅल्यू. हे वाक्य नीट वाच आणि त्यातला ‘असतं तर’ सोडू नकोस. तोंडी परीक्षेत निम्म्या मुली तिथंच घसरतात. त्या म्हणतात, ‘मशीन ठीक असण्याची शक्यता ४.५ टक्के.’ चूक. आपण मशीन ठीक असल्याचं आधीच धरलं होतं, मग त्याचीच शक्यता त्यातून कशी निघेल? पी-व्हॅल्यू फक्त एवढं सांगते की दावा खरा असता तर हा नमुना किती दुर्मिळ ठरला असता.

किती दुर्मिळ म्हणजे दावा सोडून द्यायचा? त्यासाठी आधी रेघ मारून ठेवायची, ती सार्थकता पातळी. ५ टक्क्यांची रेघ दोन्ही बाजूंनी मारली तर टेबल व्हॅल्यू १.९६, आणि १ टक्क्याची मारली तर २.५८च्या जवळ. आपला झेड २. म्हणजे ५ टक्क्यांना दावा फेटाळला, १ टक्क्याला नाही. तेच दूध, तीच पिशवी! तुला हे विचित्र वाटेल, पण यात गणिताचा दोष नाही. हे ५ टक्के काही आकाशातून पडलेले नाहीत. रोनाल्ड फिशर नावाच्या इंग्रज संख्याशास्त्रज्ञानं १९२५च्या पुस्तकात विसात एक ही मर्यादा सोयीची म्हणून सुचवली, आणि पुढे सगळ्या जगानं ती सोवळ्यात ठेवली. चुकीची किंमत मोठी असेल तर रेघ कडक करायची, हे ठरवणं माणसाचं काम आहे, टेबलाचं नव्हे.

फक्त ती रेघ नमुना बघण्याआधी मारायची. इथं दुसरी कबुली. माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये झेड आला होता १.८. दोन्ही बाजूंच्या चाचणीत १.९६ लागतो, म्हणजे माझा निष्कर्ष फुसका. मग मी काय केलं? टेबल उघडलं, एका बाजूच्या चाचणीला १.६४५ पुरतो असं बघितलं, आणि पर्यायी परिकल्पनेतलं, म्हणजे दाव्याच्या विरोधातल्या विधानातलं, ‘वेगळी आहे’ खोडून ‘जास्त आहे’ असं लिहिलं. निकाल कसा झकास लागला! गाइड मॅडमनी वही बघितली, खोडलेल्या जागेवर बोट ठेवलं आणि शांतपणे म्हणाल्या, ‘निकाल लागल्यावर पैज लावलीस होय?’ त्या दिवशी कान असे लाल झाले की आजही तो शब्द आठवला की गरम होतात.

एक बाजू की दोन, हे प्रश्न ठरवतो. ग्राहकाची तक्रार ‘दूध कमी भरतंय’ अशीच असते, त्याला एकच बाजू पुरते. मशीन सांभाळणाऱ्याला दोन्ही बाजू नडतात, कमी भरलं तर ग्राहक ओरडणार, जास्त भरलं तर मालक. तू पेपरात गणिताची भाषा वाच. ‘वेगळी आहे का’, ‘बदल झाला आहे का’ असं असेल तर दोन्ही बाजू. ‘कमी झाली का’, ‘वाढली का’ असं असेल तर एक. आकडेमोड त्यानंतर.

आता मघाचं ‘पक्का ठाऊक’. समज, मशीन नवीन आहे, जुन्या नोंदी नाहीत. तू त्याच १६ पिशव्यांवरून हेलकावा काढलास आणि तोही नेमका ४ आला. भागाकार पुन्हा उणे २. मग फरक काय? फरक असा की आता खालचा आकडाही अंदाजच आहे, आणि १६ पिशव्यांवरचा अंदाज स्वतःच डळमळीत असतो. ही गोष्ट डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यातल्या विल्यम गॉसेटला खटकली होती. त्याच्या हातात कधीच हजारो नमुने नसायचे, असायचे ते मोजके. त्यानं १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावानं लेख लिहिला, आणि त्यातूनच आजची टी टेस्ट उभी राहिली. टी टेबलात १६ पिशव्यांसाठी, म्हणजे एक कमी करून १५ स्वातंत्र्यमात्रांना, ५ टक्क्यांची रेघ २.१३१वर आहे. आपला उणे २ तिथवर पोचत नाही. तेच आकडे, तोच भागाकार, पण झेड म्हणतो दावा फेटाळ आणि टी म्हणतो थांब! हेलकावा आधीपासून ठाऊक होता की याच नमुन्यातून काढला, एवढ्या एका गोष्टीवर निकाल पालटला.

नमुना वाढत गेला की हा फरक विरत जातो. ३० मात्रांना टीची रेघ २.०४, १२०ला १.९८, पुढे १.९६च. म्हणून तर ‘३०च्या वर झेड चालतो’ असं सर म्हणतात. पण तो सवलतीचा नियम आहे. मूळ नियम विचारला तर सांग : सिग्मा ठाऊक असेल तर झेड, नमुन्यातून काढला असेल तर टी. ३० हा आकडा आणखी एका कारणानं येतो. एकेक पिशवीचे आकडे घंटेच्या आकाराच्या वक्रात बसत नसले, तरी पुरेशा पिशव्यांच्या सरासऱ्या त्या वक्राच्या जवळ येतात. नमुना लहान असेल तर मात्र मूळ आकडेच प्रसामान्य, म्हणजे त्या वक्रात बसणारे, असावे लागतात. ही दोन कारणं बहुतेक जणी एकाच वाक्यात कोंबतात. तू वेगळी लिही, तपासणारा खूश होईल.

निकाल लिहितानाचीही एक गोम आहे. झेड १.९६च्या आत आला तर ‘शून्य परिकल्पना खरी ठरली’ असं चुकूनही लिहू नकोस. ‘फेटाळण्याइतका पुरावा मिळाला नाही’ असं लिही. हा शब्दांचा सोवळेपणा वाटतो, पण हिशेब बघ. समज, मशीन खरोखरच ४९८वर घसरलंय. मी रोज १६ पिशव्या तपासते, ५ टक्क्यांच्या रेघेवर. तरी माझी चाचणी जवळजवळ निम्म्या वेळा काही बोलणारच नाही! मशीन चुकतंय आणि माझा कागद म्हणतोय, ठीक आहे. अशा कागदावर ‘खरी ठरली’ लिहायला तुझा हात धजेल? ६४ पिशव्या घेतल्या तर तीच चूक शंभरातल्या सुमारे ९८ वेळा पकडली जाते. गप्प बसलेली लहान चाचणी म्हणजे ‘सगळं ठीक’ नव्हे. तिचे कान लहान असतात, एवढंच.

उलट बाजूनं, मशीन अगदी सरळ असलं तरी ५ टक्क्यांची रेघ विसातून एकदा खोटा आरडाओरडा करणारच. वर्षाचे ३०० दिवस तपासलं तर पंधरा वेळा उगाच मशीन थांबवायचं. म्हणून कारखान्यांत ५ टक्के चालत नाहीत. अमेरिकेत बेल टेलिफोनच्या कारखान्यांसाठी वॉल्टर शूहार्टनं १९२४ साली जो नियंत्रण तक्ता काढला, त्यात रेघा तीन हेलकाव्यांवर असतात. त्या हिशेबानं खोटी हाक हजारात तीनाहूनही कमी वेळा येते. आमच्या भिंतीवरही तोच तक्ता टांगलाय. मी नोकरीला लागले तेव्हा त्यावरचे ठिपके बघून मला वाटलं, ही काहीतरी नवीन विद्या दिसते. महिन्याभरानं ट्यूब पेटली. अगं, दर तासाला एक झेड टेस्टच चाललीये की!

अजून दोनच गोष्टी, मग सोडते तुला.

शितावरून भाताची परीक्षा, असं आजी म्हणायची. खरं आहे. पण कुकर तळाशी लागला असेल तर वरचं शीत तुला काय सांगणार? सोळा पिशव्या एकाच क्रेटमधून उचलल्यास, तर त्या एकामागोमाग भरलेल्या, एकाच दाबाच्या, एकाच घडीच्या. एकीची तूट दुसरी भरून काढेल या भरवशावर आपण १६चं वर्गमूळ घेतलं होतं, आणि इथं सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या. नाव सोळा, पण माहिती दोन-तीन पिशव्यांइतकीच. सूत्र हे विचारत नाही. ते मुकाट्यानं भागाकार करून देतं. गणितात ‘यादृच्छिक नमुना’ असं लिहिलेलं असतं आणि आपण ते वाचतही नाही, पण सगळी चाचणी त्याच शब्दावर उभी असते.

आणि दुसरी. नमुना प्रचंड मोठा झाला की झेड उगाच मोठमोठ्यानं बोलायला लागतो. १०,००० पिशव्या मोज आणि सरासरी ४९९.८ येऊ दे. सरासरीचा हेलकावा ४ भागिले १००, म्हणजे ०.०४. झेड उणे ५! टेबलाच्या पार बाहेर. ‘अत्यंत सार्थक’ म्हणून टाळ्या पडतील. पण तूट किती? ०.२ एमएल, चारेक थेंब. एवढ्यासाठी मशीन खोलायचं का, हे झेड सांगत नाही. सार्थक म्हणजे योगायोग म्हणून सोडून देता न येणारं, महत्त्वाचं असं नव्हे. वर्तमानपत्रात एखाद्या औषधाची, तेलाची किंवा शांपूची ‘लक्षणीय फरक’ अशी बातमी वाचशील तेव्हा आधी विचार, फरक किती? मग विचार, नमुना किती?

आता वही उघड. उद्या पेपरात क्रम असा ठेव. आधी दावा काय, तो शब्दांत लिही. मग एक बाजू की दोन, ते ठरव. सिग्मा कुणी दिला, जुन्या नोंदींनी की याच नमुन्यानं, ते बघ. सार्थकता पातळी लिही. मग भागाकार. आणि शेवटी नुसतं ‘रिजेक्ट’ लिहून थांबू नकोस, एक पूर्ण वाक्य लिही : ‘५ टक्के पातळीवर, मशीन सरासरी ५०० एमएल भरत नाही असं म्हणण्याइतका पुरावा या १६ पिशव्यांत आहे.’ ज्याला हे वाक्य लिहिता येतं त्याला झेड टेस्ट कळली. भागाकार तर कॅल्क्युलेटरलाही येतो.

आज रात्री जागू नकोस. पेपर झाला की फोन कर, मार्क किती पडतील ते मी विचारणार नाही. आणि आकडे मांडताना खाली एकटा सिग्मा दिसला तर पेन थांबव, नमुना किती ते बघ आणि त्याचं वर्गमूळ घे. ते विसरायचा आपल्या घरातला कोटा मी एकटीनं पुरता संपवलाय.